टेकणं म्हणजे फ्युजन नव्हे: बुरशीच्या पेशी एकजीव होताना पाहण्याचा प्रयोग, पुण्यातल्या कॉलेज लॅबसाठी

सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे दोन धागे एकमेकांना टेकलेले दिसले, की फोटो काढायचा आणि खाली ‘फ्युजन’ लिहायचं, हे एम.एस्सी.च्या डेझर्टेशनमध्ये सर्रास चालतं. टेकणं वेगळं, चिकटणं वेगळं आणि मधली भिंत विरघळून दोन पेशींमधला ऐवज एक होणं वेगळं. हा लेख त्या तिसऱ्या गोष्टीचा आहे. ती पाहायची कशी, मोजायची कशी आणि खात्रीने सिद्ध करायची कशी, हे पुण्यातल्या साध्या कॉलेज लॅबमध्ये जेवढं जमू शकतं तेवढं इथे दिलं आहे. चांगलं कंपाउंड मायक्रोस्कोप, ऑटोक्लेव्ह, इनक्युबेटर आणि न्यूबाउर चेंबर (पेशी मोजायची आखीव काच) एवढी सामग्री असली तरी बरंच काम होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर स्लाइडवर काय शोधायचं तेच कळत नाही.

तंतुमय बुरशीची वसाहत वरून नुसत्या फांद्यांसारखी दिसली, तरी आतून ते जाळं असतं. धागे जागोजागी एकमेकांना जोडलेले असतात आणि अन्न, पाणी, पेशीकेंद्रकं त्या जाळ्यातून इकडून तिकडे जातात. ही जोडणी दोन टप्प्यांवर होते. पहिला टप्पा स्पोअर (बीजाणू) रुजताना. दोन कोनिडिया, म्हणजे अलैंगिक स्पोअर, जवळ असतील तर त्यांच्यापासून बारीक नळ्या निघतात, एकमेकींच्या दिशेने वळतात आणि टोकाला जुळतात. २००३ साली या नळ्यांना ‘कोनिडियल अॅनास्टोमोसिस ट्यूब’ असं नाव मिळालं. लॅबमध्ये सगळे ‘कॅट’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. दुसरा टप्पा वाढलेल्या वसाहतीत, कडेपासून आतल्या भागात. अगदी कडेचे धागे उलट एकमेकांना टाळत पुढे जातात, त्यामुळे वसाहतीच्या काठावर फ्युजन शोधण्यात वेळ घालवू नका.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट २००९ मध्ये पुढे आली. न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीच्या दोन पेशी एकमेकींकडे वाढत असताना त्यांच्या टोकांवर ‘मॅक-२’ आणि ‘सॉफ्ट’ ही दोन प्रथिनं आळीपाळीने जमतात. एका टोकावर मॅक-२ असतं तेव्हा समोरच्या टोकावर सॉफ्ट असतं, काही मिनिटांनी अदलाबदल, पुन्हा अदलाबदल. दोन माणसांनी एकाने बोलावं, दुसऱ्याने ऐकावं आणि मग पाळी बदलावी, तसं. या दोन पेशी जनुकीयदृष्ट्या हुबेहूब सारख्या असतात. दोघी एकाच वेळी संदेश सोडून त्याच वेळी ऐकू लागल्या, तर प्रत्येकीला स्वतःचाच संदेश ऐकू येईल. पाळी बदलल्याने ही अडचण सुटते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

बुरशी कुठून आणायची

सुरुवातीला न्यूरोस्पोरा क्रासाच घ्या. बीडल आणि टाटम यांनी १९४१ मध्ये याच बुरशीवर काम करून जनुक आणि एन्झाइम यांचं नातं दाखवलं, १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि २००३ मध्ये तिचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. कुठलाही प्रश्न विचारा, तिच्यावर आधीचं काम सापडतंच. शिवाय ती झपाट्याने वाढते आणि धडधाकट माणसाला आजार करत नाही.

पुण्यात या बाबतीत आपण नशीबवान आहोत. आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत नॅशनल फंगल कल्चर कलेक्शन ऑफ इंडिया आहे आणि पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन आधी तिथे चौकशी करा. फ्युजन न करणारे म्युटंट (जनुकात बदल झालेले वाण) हवे असतील तर ते अमेरिकेतल्या फंगल जेनेटिक्स स्टॉक सेंटरमधून येतात. तिथला २४८९ क्रमांकाचा स्ट्रेन (वाण) जगभर प्रमाण म्हणून वापरतात. मात्र परदेशातून जिवंत कल्चर आणायला परवानग्या लागतात आणि त्यात महिने जातात. डेझर्टेशन जानेवारीत सुरू होणार असेल तर अर्ज आदल्या जूनमध्ये गेलेला असावा.

पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर किंवा मुळशीकडे भाजलेली कणसं खाऊन टाकलेली बुरकुंडं पाहा. कधीकधी त्यांच्यावर दोन-तीन दिवसांत नारिंगी, पावडरीसारखी बुरशी येते. ती न्यूरोस्पोरा असण्याची बरीच शक्यता असते, कारण तिचे लैंगिक स्पोअर उष्णतेने जागे होतात. लॅबमध्ये त्यांना ६० अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास ठेवावं लागतं, निसर्गात हे काम आग किंवा शेगडी करते. उसाच्या जाळलेल्या फडातही न्यूरोस्पोरा इंटरमीडिया वाढते आणि भारतातच त्याचा अभ्यास झाला आहे. अशी रानटी बुरशी जमवायला कागदी पाकीट पुरतं. पण तिच्यावर पहिला प्रयोग करू नका. आधी ओळख पक्की करून घ्या, आणि ती पुढे कुठे उपयोगी पडते ते खाली येईलच. नारिंगी सोडून हिरव्या-काळ्या बुरशीच्या बाटल्या उघडत बसू नका, अॅस्परजिलसचे स्पोअर फुफ्फुसाला चांगले नाहीत.

माध्यम: पीडीए इथे चालत नाही

स्लँटवर, म्हणजे नळीत तिरप्या गोठवलेल्या अगरवर, कल्चर राखायला पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगर) चालतं. फ्युजनच्या प्रयोगाला मात्र व्होगेलचं मिनिमल माध्यमच (फक्त मोजके, ठरावीक घटक असलेलं) वापरा. कारण ठोस आहे: ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल कॅट जुळण्याला अडवतं, असं २०१२ मध्ये दाखवलं गेलं. पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, केसीन यांतून माध्यमात काय काय येतं यावर आपला ताबा नसतो. फ्युजन दिसलं नाही तर दोष बुरशीचा की माध्यमाचा, हे ठरवता येत नाही.

व्होगेलचं ५० पट तीव्र द्रावण एकदा करून ठेवलं की वर्षभर पुरतं. एक लिटरसाठी सुमारे ७५० मिलि डिस्टिल्ड पाण्यात पुढच्या क्रमाने विरघळवा: ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट १२५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २५० ग्रॅम, अमोनियम नायट्रेट १०० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १० ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ५ ग्रॅम. मग ट्रेस एलिमेंटचं द्रावण ५ मिलि, आणि मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम असलेलं बायोटिनचं द्रावण २.५ मिलि. एक क्षार पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही. कॅल्शियम क्लोराइड आधी वेगळ्या २० मिलि पाण्यात विरघळवा आणि चुंबक फिरत असताना थेंबाथेंबाने सोडा. घाई केली तर पांढरा गाळ बसतो आणि तो गाळ म्हणजे तुमचं कॅल्शियमच असतं. फ्युजनला कॅल्शियम लागतं, त्यामुळे गढूळ द्रावण वापरण्यापेक्षा पुन्हा करणं परवडतं. वरून दोन-तीन मिलि क्लोरोफॉर्म टाकून बाटली बंद ठेवली की त्यात काही वाढत नाही.

वापरताना लिटरमागे हे द्रावण २० मिलि, सुक्रोज २० ग्रॅम, आणि प्लेटसाठी अगर १५ ग्रॅम.

स्पोअर तयार करणं आणि मोजणं

स्लँट ३० अंशांना दोन-तीन दिवस ठेवून मग २५ अंशांच्या आसपास उजेडात काढा. उजेडात कॅरोटिनॉइड तयार होतं आणि रंग भरतो. एकूण पाच-सहा दिवसांचा स्लँट उत्तम. महिनाभर फ्रीजमध्ये पडलेल्या स्लँटचे स्पोअर धड रुजत नाहीत, आणि रुजले नाहीत तर जुळणार कसे? पुण्यात ‘रूम टेंपरेचर’ या शब्दावर भिस्त ठेवू नका. एप्रिलच्या दुपारची खोली आणि डिसेंबरच्या पहाटेची खोली यांत प्रयोगाचा निकाल बदलण्याएवढा फरक असतो.

न्यूरोस्पोराची पावडर हवेत सहज उडते आणि एकदा लॅबभर पसरली की महिनोनमहिने दुसऱ्यांच्या प्लेटवर उगवत राहते. म्हणून पंखा बंद, कापसाचा बोळा उघडण्याआधी बर्नरजवळ, आणि बोळा काढताच आत निर्जंतुक पाणी ओतून स्पोअर भिजवायचे. आडव्या लॅमिनार फ्लो कपाटातला वारा आपल्या तोंडावर येतो, त्यामुळे कोरडी पावडर त्यात हाताळू नका. बायोसेफ्टी कॅबिनेट असेल तर तिथेच काम करा, नसेल तर मास्क घाला. शेजारच्या टेबलावर कुणाचं टिश्यू कल्चर चालू असेल तर त्यांना आधी सांगा.

भिजवलेले स्पोअर व्हॉर्टेक्स करून निर्जंतुक मलमलीच्या चार घड्यांतून गाळा, म्हणजे धाग्यांचे तुकडे वर राहतात. मग न्यूबाउर चेंबरमध्ये मोजा. समजा १० पट पातळ केलेल्या नमुन्यात १ मिमी बाजूच्या मोठ्या चौकोनात सरासरी ४२ स्पोअर आले. चौकोनाचं आकारमान मिलिलिटरचा दहा हजारावा भाग असतं, म्हणून ४२ गुणिले १०,००० गुणिले १०, म्हणजे मिलिलिटरला ४२ लाख.

द्रव माध्यमात आपल्याला मिलिलिटरला १० लाख हवेत. या संख्येला महत्त्व आहे, कारण कॅट निघणं गर्दीवर अवलंबून असतं. स्पोअर विरळ असतील तर नळ्या निघतच नाहीत, फार दाट असतील तर गठ्ठे होतात आणि कोण कुणाला जुळलं ते कळत नाही. वरच्या उदाहरणात ०.२४ मिलि स्पोअर, ०.२६ मिलि पाणी आणि दुप्पट तीव्रतेचं व्होगेल माध्यम ०.५ मिलि घ्या. स्पोअरबरोबर पाणी जातं आणि माध्यम पातळ होतं, म्हणून दुप्पट. हा हिशेब वहीत लिहून ठेवा.

स्लाइड: उलटी अगर-वडी

काचेचे खास चेंबर महाग पडतात. त्याऐवजी मिलिलिटरला १ कोटी स्पोअर असलेलं द्रावण ३०० मायक्रोलिटर घेऊन ९ सेंमीच्या व्होगेल अगर प्लेटवर पसरा. (पृष्ठभागावर पसरल्यामुळे इथे द्रव माध्यमापेक्षा तीव्रता जास्त लागते.) प्लेट झाकण घालून ओल्या टिश्यूच्या डब्यात, ३० अंशांना. साडेतीन तासांनी निर्जंतुक ब्लेडने सेंटिमीटरभर चौकोनी वडी कापा, कव्हरस्लिपवर द्रव माध्यमाचा एक थेंब ठेवा आणि वडी स्पोअरची बाजू खाली करून त्यावर हळूच टेकवा. सरळ मायक्रोस्कोप असेल तर वडी स्लाइडवर ठेवून वरून थेंब आणि कव्हरस्लिप. दाबू नका.

वेळेचं भान ठेवा. अडीच-तीन तासांनी कॅट दिसू लागतात, चार ते पाच तासांच्या दरम्यान मोजणीला चांगला काळ असतो. त्यानंतर जर्म ट्यूब (स्पोअर रुजताना निघणाऱ्या वाढीच्या नळ्या) लांबतात, एकमेकींवरून जातात आणि चित्र गुंतागुंतीचं होतं. आयसर किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) सारख्या ठिकाणच्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपवर वेळ मिळाला असेल, तर कॉलेजमधून रुजते स्पोअर घेऊन निघू नका. विद्यापीठ चौकात अर्धा तास अडकलात तरी प्रयोग हातचा गेला. निर्जंतुक पाण्यातले स्पोअर बर्फावर न्या आणि माध्यम तिथे पोहोचल्यावर मिसळा. घड्याळ तिथून सुरू होतं.

डोळ्यांना काय दिसायला हवं

४० च्या ऑब्जेक्टिव्हवर या. फेज कॉन्ट्रास्ट नसेल तर कंडेन्सरचा डायाफ्राम बराच मिटवा, कडा उठून दिसतात.

स्पोअरमधून निघालेल्या जाडसर, सरळ वाढणाऱ्या नळ्या म्हणजे जर्म ट्यूब. त्या एकमेकींपासून दूर जातात, पुढे फांद्या फुटतात. कॅट त्यांच्याहून बारीक, आखूड, फांदी नसलेली आणि मुख्य म्हणजे वळलेली असते. शेजारच्या स्पोअरच्या दिशेने तिचं टोक झुकलेलं दिसतं. दोन कॅट टोकाला टोक लावून भेटतात किंवा एक कॅट समोरच्या स्पोअरला जाऊन टेकते.

आता भेटीच्या जागी थांबा. १०० च्या ऑइल ऑब्जेक्टिव्हवर जा आणि एकाच जोडीकडे दहा-पंधरा मिनिटं पाहत राहा, मोबाइल आयपीसला लावून दर अर्ध्या मिनिटाला फोटो घ्या. आधी दोन टोकांच्या मध्ये आडवी काळसर रेघ दिसते, ती म्हणजे दोघींच्या भिंती. कधीकधी जागा किंचित फुगते. मग रेघ मधोमध फिकट होते, तुटते, आणि थोड्या वेळात एका बाजूचे बारीक कण, एखादी लहान रिक्तिका, दुसऱ्या बाजूला सरकते. तो क्षण नोंदवायचा. कण ओलांडून गेला म्हणजे पुरावा मिळाला. नुसती रेघ दिसेनाशी होणं पुरेसं नाही, फोकस थोडा हलला तरी रेघ जाते.

लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगाने आकार छान दिसतात, पण पेशी मरतात आणि हालचाल थांबते. फोटो-प्लेटसाठी वापरा, पुराव्यासाठी नाही. कॅल्कोफ्लोर व्हाइट हा चमकणारा रंग पेशीभित्तिकेतल्या कायटिनला चिकटतो. अतिनील प्रकाशात सांध्यावर चमकती आडवी रेघ दिसली तर भिंत अजून शाबूत आहे.

सगळ्यात भक्कम पुरावा दोन रंगांचा: एका स्ट्रेनमध्ये हिरवं आणि दुसऱ्यात लाल फ्लुओरेसंट प्रथिन, आणि दोन्ही रंग एकाच जोडीत मिसळलेले. असे स्ट्रेन नसतील तर जुनी, साधी आणि तितकीच पक्की पद्धत आहे ती हेटेरोकॅरिऑनची, म्हणजे दोन वेगळ्या वाणांची केंद्रकं एकाच पेशीत आणण्याची. एक म्युटंट हिस्टिडीनशिवाय वाढत नाही, दुसरा पॅन्टोथेनिक आम्लाशिवाय. दोन्ही एकत्र मिनिमल प्लेटवर टाका. वाढ झाली तर दोघांची केंद्रकं एका पेशीत येऊन उणीव भरून काढत आहेत. दोघंही एकाच मेटिंग टाइपचे (बुरशीतलं ‘लिंग’ म्हणा) हवेत, कारण न्यूरोस्पोरात ‘ए’ आणि ‘स्मॉल ए’ यांचे धागे वाढीच्या टप्प्यावर जुळले तर ती पेशी मरते. आणि एक शंका परीक्षक हमखास काढतात: न जुळताच एकमेकांनी सोडलेल्या पोषकांवर जगले असतील तर? म्हणून प्लेटच्या कडेचं एकच धाग्याचं टोक कापून नव्या मिनिमल प्लेटवर लावा. एकटं टोक वाढत राहिलं तर शंका मिटली.

मोजणी

मोजायला बसण्याआधी नियम कागदावर लिहा. माझ्या मते चार गट हवेत: प्रतिसाद नाही, वळलेली पण न भेटलेली, टेकलेली, आणि पुराव्यासह एकजीव. पहिले तीन साध्या स्लाइडवर वेगळे करता येतात, चौथ्याला जिवंत निरीक्षण लागतं. फक्त एकमेकांपासून सुमारे १५ मायक्रॉनच्या आत असलेल्या जोड्याच मोजा. लांबच्या जोड्या धरल्या तर टक्केवारी उगाच घसरते. दर स्लाइडवर किमान १०० जोड्या.

स्लाइडवर नावं नकोत, आकडे टाका आणि कोणता आकडा कुणाचा हे मैत्रिणीकडे ठेवा. आपल्याला हवं ते आपल्याला दिसतं, याला कुणीच अपवाद नाही. प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या स्लँटपासून करा. एकाच प्लेटवरच्या ३०० जोड्या मोजल्या तरी आकडेशास्त्राच्या दृष्टीने तुमचा नमुना एकच असतो.

मग पुढे काय करायचं

नियंत्रण म्हणून ‘सॉफ्ट’ जनुक काढलेला स्ट्रेन मिळाला तर कामाचं वजन वाढतं: त्याचे स्पोअर नीट रुजतात, पण कॅट जुळत नाहीत. तो नसेल तर ट्रिप्टोफॅन वापरा. वाढत्या मात्रेच्या चार-पाच प्लेट, तुलनेला दुसरं एखादं अमिनो आम्ल, आणि सोबत रुजण्याची टक्केवारीही मोजायची. रुजणंच कमी झालं असेल तर फ्युजन कमी झालं म्हणता येणार नाही.

कणसांवरच्या रानटी बुरश्या इथे उपयोगी पडतात. न्यूरोस्पोरा क्रासात मेटिंग टाइप धरून किमान ११ ‘हेट’ जनुकस्थानं आहेत, कोण कुणाशी जमेल ते ती ठरवतात. त्यांतल्या एकातही फरक असेल तर जुळलेली पेशी पडद्यांची छिद्रं बुजवून वेगळी पडते आणि मरते. रानातल्या दोन बुरश्या सहसा जमत नाहीत. दोघी प्लेटवर समोरासमोर लावा, भेटीच्या पट्ट्यातली वडी काढून इव्हान्स ब्लूने रंगवा. मेलेल्या पेशी निळ्या होतात. इंटरमीडिया आणि क्रासा या वेगळ्या प्रजाती आहेत, तेव्हा ओळख पटल्यावर एकाच प्रजातीतल्या जोड्या लावा.

शेतीकडे ओढा असेल तर हरभऱ्याच्या मर रोगाची फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम घ्या. तिच्यात क्लोरेटच्या माध्यमावर नायट्रेट न वापरू शकणारे म्युटंट आपोआप मिळतात आणि दोन पूरक म्युटंट जुळले की भेटीच्या रेषेवर दाट पांढरी वाढ उभी राहते. परदेशी स्ट्रेनची गरज नाही. क्लोरेट ज्वालाग्राही पदार्थांपासून दूर आणि शिक्षकांच्या ताब्यात ठेवा. मात्र ‘फ्युजन थांबवलं की रोग थांबेल’ असं प्रस्तावनेत लिहू नका. कोबीवर्गीय पिकांवरच्या अल्टरनेरिया ब्रासिसिकोला या बुरशीत सॉफ्टसारखं जनुक काढल्यावर रोग करण्याची ताकद गेली, पण टोमॅटोवरच्या फ्युजेरियमला फ्युजनशिवायही रोग करता आला.

वाढलेल्या वसाहतीतलं फ्युजन पाहायचं असेल तर अगरवर सेलोफेन अंथरून त्यावर बुरशी वाढवा आणि काठापासून सेंटिमीटर-दोन आतला तुकडा स्लाइडवर घ्या. बोहरी आळीत ‘सेलोफेन’ म्हणून मिळणारा चकचकीत कागद बहुतेक वेळा प्लास्टिकचा निघतो. एक तुकडा पाण्यात टाकून पाहा: खरं सेलोफेन पाणी पिऊन मऊ पडतं, प्लास्टिक तसंच राहतं. खरं मिळालं तर दोन पाण्यांत उकळा, प्लेटच्या आकाराचे गोल कापा आणि डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ऑटोक्लेव्ह करा.

काम झालं की प्रत्येक प्लेट, वडी आणि टिप १२१ अंशांना २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करून मगच उघडायची. नारिंगी प्लेट तशीच कचऱ्याच्या बादलीत गेली, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या पीडीएवर ती उगवेल.